बिनतारी खेळमोटारीची निगा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. मुलें आपापले लांकडी नंदी दोरीनें ओढीत घेऊन येतात. त्यांतील कांहीं नंदी आजोबांच्या वेळचे असतात. दरवर्षीं सुतार त्यांचीं चाकें पाहतो, आंस झिजला असेल तर बदलतो, घरांतील कोणी तरी शिंगांना नवा रंग देतें, आणि नंदी पुनः बारा महिन्यांस सिद्ध होतो. खेळण्याची दुरुस्ती करावयाची असते ही गोष्ट या भागांत नवी नाहीं. मध्यंतरीं विसरली गेली आहे इतकेंच. विजेवर चालणारी आणि बिनतारी संदेशानें वळणारी खेळमोटार घरांत आली, कीं तिच्या बाबतींत मात्र ‘चालली तोंवर चालली’ असा विचार केला जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या धुळींत व उन्हांत असा विचार करणाऱ्याची गाडी एका हंगामापेक्षां अधिक टिकत नाहीं.

बाजारांत अशा गाड्यांचे दोन वर्ग आढळतात. पहिल्या वर्गांतील गाडीचें कवच कायमचें सांधलेलें असतें व आंतील सर्व विद्युत्-योजना एकाच पट्टीवर डाखलेली असते. एक भाग गेला कीं सारी गाडी गेली. दुसरा वर्ग छंदाच्या गाड्यांचा. तींत प्रत्येक भागास क्रमांक असतो आणि तो सुटा विकत मिळतो. जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें २०१३ सालीं काढलेली टीटी-०२ ही या दुसऱ्या वर्गांतील पहिल्या पायरीची गाडी म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. खऱ्या मोटारीच्या दशांश आकाराची, चारहि चाकांस गति देणारी, सपाट डांबरी वा सिमेंटच्या पृष्ठभागासाठीं योजलेली अशी ती आहे. पुढील विवेचन मुख्यतः तिला धरून असलें, तरी तिच्या जातीच्या इतर गाड्यांसहि तें बहुतांशीं लागू पडावें.

दुरून यंत्र चालविण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसु यांनीं विद्युत्-लहरींच्या साह्यानें दूरची घंटा वाजवून दाखविली. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला यानें पाण्याच्या टाक्यांत एक लहान लोखंडी होडी तारेवांचून चालविली, तेव्हां हा कांहीं चेटकाचा प्रकार असावा असें पाहणाऱ्यांस वाटलें. तीच विद्या पुढें खेळण्यांत उतरली. तामियाची पहिली बिनतारी मोटार, पोर्शे ९३४ ची एक-द्वादशांश प्रतिकृति, १९७६ सालची.

हातांतील प्रेषकाचें चाक फिरविलें म्हणजे गाडींत नेमकें काय घडतें, हें ठाऊक असल्यावांचून दोष शोधतां येत नाहीं. गाडींतील ग्राहक हा सर्व्हो नांवाच्या लहान यंत्राकडे सेकंदास सुमारें ५० विद्युत्-स्पंद पाठवितो. स्पंदाची लांबी सेकंदाचा दीड-हजारांश असली कीं चाकें सरळ राहतात. एक-हजारांशाकडे झुकली कीं एका बाजूस वळतात, दोन-हजारांशाकडे गेली कीं दुसऱ्या बाजूस. असाच दुसरा स्पंद वेगनियामकाकडे जातो आणि मोटरीला किती वीज द्यावयाची हें ठरवितो. (येथें मोटर म्हणजे विजेचें यंत्र व गाडी म्हणजे सबंध वाहन, असा भेद केला आहे.) पूर्वीं या गाड्या बहुधा २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर चालत आणि लहरींची संख्या एका लहानशा स्फटिकानें ठरे. दोन मुलांचे स्फटिक एकाच जातीचे निघाले, तर एकाच्या हुकमानें दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळे! आतां २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात व प्रत्येक प्रेषकाची आपल्या ग्राहकाशीं खूणगांठ बांधलेली असते. भारतांत अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं हा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून खुला करण्यांत आला.

तथापि लहर तुटण्याचा संभव उरतोच. म्हणून नवी गाडी जमिनीवर सोडण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. गाडी ठोकळ्यावर अशी ठेवावी कीं चाकें अधांतरीं राहतील. मग मोटर सावकाश चालू ठेवून प्रेषक बंद करावा. मोटर तत्काळ थांबली पाहिजे. न थांबली तर वेगनियामकाची वा ग्राहकाची जुळणी चुकली आहे असें समजावें. एरव्हीं क्रम नेहमीं एकच: आधीं प्रेषक लावावा, मग गाडी, बंद करतांना आधीं गाडी, मग प्रेषक. दीड किलो वजनाची वस्तु धन्याविना धांवत सुटली, तर रस्त्यावरच्या लहान मुलाच्या पायांस ती गंभीर इजा करूं शकते.

आतां येथील हवामानाकडे वळावें. यवतमाळची काळी जमीन दख्खनच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेंतून झालेली आहे. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि भेगाळलेल्या जमिनीची धूळ पिठासारखी बारीक असते. टूरिंग गाडीचें पोट जमिनीपासून एक सेंटिमीटरहि उंच नसतें. त्यामुळें ही धूळ सरळ आंत येते. ती ग्रीसमध्यें मिसळली कीं ग्रीस वंगणाचें काम सोडून कानशीचें काम करूं लागतें. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत तींत आणखी एका वस्तूची भर पडते. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाऊं लागल्या, कीं रस्त्याच्या दोहों कडांना सरकीचे तंतु साचतात. हे तंतु चाकाच्या आंसाभोंवतीं सुतासारखे गुंडाळले जातात, धुळीला धरून ठेवतात आणि हळूहळू बेअरिंगाच्या झांकणीखालीं शिरतात. गाडीचा वेग कमी झाला म्हणून मालक बॅटरीला दोष देतो. वस्तुतः चारहि आंसांवर कापसाचीं कडीं बसलेलीं असतात.

उपाय साधा आहे, पण तो दर खेळीनंतर करावा लागतो. चारहि चाकें काढावीं. चिमट्यानें तंतु उलट दिशेनें उलगडून ओढावे. कोरड्या मऊ कुंचल्यानें तळ झाडावा, आणि कोपऱ्यांतील धूळ रबरी फुग्याच्या फुंकरीनें उडवावी. पाण्यानें गाडी धुण्याचा मोह टाळावा. आंसांवर बाहेरून तेल सोडण्याचा मोह तर त्याहूनहि टाळावा. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनानें ओढली जात असे, आणि तेलाची बुधली घेऊन इंजिनाभोंवतीं फिरणारा मनुष्य त्या काळच्या प्रवाशांच्या डोळ्यांपुढें अजून असेल. त्या इंजिनाचे सांधे उघडे व भारी होते. वाहतें तेल त्यांतील कचरा बाहेर लोटी. या चिमुकल्या गाडींत नेमकें उलट घडतें. बाहेर आलेला तेलाचा थेंब धुळीला आमंत्रण देतो.

पहिल्या पायरीच्या गाडींत स्वस्ताईसाठीं चाकांच्या व दांड्यांच्या ठिकाणीं बहुधा गोळ्यांचीं बेअरिंगें नसतात. प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या साध्या बुशी असतात. बुशींत आंस घासत फिरतो. धूळ शिरली कीं बुशीचें भोंक लंबवर्तुळाकार होतें, चाक डुलूं लागतें आणि दांतेरी चाकांची पकड बिघडते. म्हणून या गाडीवर खर्च करावयाची पहिली रक्कम कोणती, या प्रश्नाचें उत्तर निःसंशय बेअरिंग हेंच आहे. मोठी मोटर नव्हे, रंगीत चाकें नव्हेत, ॲल्युमिनियमचे चकचकीत दांडे तर नव्हेतच. बेअरिंगें बसविल्यानें त्याच बॅटरीवर गाडी अधिक वेळ चालते, मोटर कमी तापते आणि झीज थांबते.

तीं विकत घेतांना एक बारकावा सांभाळला पाहिजे. चाकाच्या ठिकाणचें बेअरिंग आंतून ५, बाहेरून ११ व जाडीस ४ मिलिमीटर असतें. शहरांतील बेअरिंगच्या दुकानीं ‘पांच-अकरा’ म्हणून मागितलें, तर दुकानदार दोन्हीं बाजूंस झांकणी असलेलें ६८५ क्रमांकाचें काढून देण्याचा संभव असतो. त्याची जाडी ५ मिलिमीटर भरते आणि मग चाकाची पिन आपल्या खांचेंत बसत नाहीं. चार मिलिमीटर जाडीचें तें एमआर ११५. झांकणी धातूची असण्यापेक्षां रबरी असलेली या भागांत बरी, कारण धुळीला ती अधिक अटकाव करते. सर्व ठिकाणचें माप मात्र एकच असेल असें धरून चालूं नये. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील आंकडे पाहूनच यादी करावी.

गाडी उघडावयाची म्हटली कीं स्क्रूशीं गांठ पडते, आणि नवशिक्याच्या हातून पहिला अपराध येथेंच घडतो. जपानी स्क्रूच्या डोक्यावरील फुलीची खांच नेहमींच्या फिलिप्स पेचकसाशीं तंतोतंत जुळत नाहीं. पेचकस उसळतो, खांच गोल होते, आणि मग तो स्क्रू काढणें हें दिवसभराचें काम होऊन बसतें. पहिलीं हत्यारें घेतांना जपानी मापाचा एक चांगला पेचकस घ्यावा; त्याची किंमत एका खराब झालेल्या तळापुढें कांहींच नाहीं. प्लॅस्टिकमध्यें स्क्रू पुनः बसवितांना तो आधीं उलट दिशेनें हलकेच फिरवावा. जुन्या आट्यांत तो पडल्याची सूक्ष्म ‘टक्’ हातास जाणवते. मग सुलट फिरवावा. असें न केल्यास प्रत्येक वेळीं नवे आटे पडतात व चौथ्या-पांचव्या खेपेस भोंक निकामी होतें. धातूंत बसणाऱ्या स्क्रूस आटे धरून ठेवणाऱ्या निळ्या द्रवाचा एक थेंब लावणें इष्ट. परंतु तोच द्रव प्लॅस्टिकला लागला तर त्यास भेगा पडूं शकतात.

डिफरन्शिअल नांवाची दांतेरी चाकांची डबी पुढें एक व मागें एक अशी असते. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. ती सोय ही डबी करते. वर्षांतून दोनदां ती उघडावी, जुनें ग्रीस पुसून काढावें व थोडें नवें भरावें. पुढच्या डबींत किंचित् दाट ग्रीस घातलें तर गाडी सरळ रेषेंत अधिक स्थिर राहते. मागच्या डबींत तसें केलें तर मात्र वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेंकली जाते.

वेगाचा प्रश्न मुलांच्या मनांत प्रथम येतो. त्याचा हिशेब कागदावर मांडतां येण्यासारखा आहे, आणि तो मुलाकडूनच मांडून घ्यावा. मोटरीच्या दांड्यावरील पिनियनला २२ दांत व त्यावर फिरणाऱ्या मोठ्या चाकास ७०. त्यापुढें गाडीच्या आंतील ठरलेलें प्रमाण २.६. म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६, अर्थात् ८.२७. मोटर ८.२७ वेळां फिरते तेव्हां चाक एकदां फिरतें. साध्या ५४० जातीची मोटर ७.२ व्होल्टवर, भार नसतांना, मिनिटास सुमारें १५,००० फेरे घेते. चाकाचे फेरे झाले सुमारें १,८१४. टायरचा व्यास ६४ मिलिमीटर धरला तर परीघ वीस सेंटिमीटरहून किंचित् अधिक भरतो. एकूण मिनिटास ३६५ मीटर, तासास सुमारें २२ किलोमीटर. पिनियन २५ दांतांचें बसविलें तर हाच आंकडा २५ किलोमीटरच्या जवळ जातो. रस्त्यावर दोन्हीं आंकडे याहून कमीच भरतील, कारण भार पडला कीं मोटरीचे फेरे घटतात.

तीन दांत वाढविले आणि तीन किलोमीटर मिळाले. परंतु ते फुकट मिळत नाहींत. मोटरीस अधिक जोर लावावा लागतो, ती अधिक वीज ओढते आणि अधिक तापते. समजा, खेळतां खेळतां मोटर भोंवतालच्या हवेपेक्षां ४० अंशांनीं अधिक तापते. पौषांतल्या २५ अंशांच्या दुपारीं ती ६५ अंशांवर पोंचेल. वैशाखांत, हवाच ४५ अंशांची असतां, तीच मोटर ८५ वर जाईल. युरोप-जपानांतील छंदिष्टांनीं लिहिलेला दांतांचा सल्ला यवतमाळच्या उन्हाळ्यांत जसाच्या तसा घेऊं नये, तो यासाठीं. खेळ संपतांच मोटरीच्या अंगास बोट लावून पहावें. तीन सेकंदहि तें टेकवून धरतां येत नसेल तर पिनियनचे दोन-तीन दांत कमी करावे. दुसरी बॅटरी लावण्यापूर्वीं मोटर पूर्ण निवूं द्यावी. दांतेरी चाकांमध्यें अंतर ठेवण्यासाठीं वहीच्या कागदाची पट्टी दोहोंच्या मध्यें घालून मोटर आंवळावी व मग पट्टी फिरवून काढावी; उरलेली फट बरोबर असते.

बेअरिंगांनंतर दुसरा खर्च टायरांचा. गाडीबरोबर येणारे टायर पुष्कळदां कठीण रबराचे असतात व धुळीच्या सिमेंटवर ते घसरतात. मऊ रबराचे चार टायर गाडीचा स्वभाव जितका बदलतात तितका दुसरा कोणताहि भाग बदलीत नाहीं. ते लवकर झिजतात हें खरें. दर खेळीपूर्वीं ओल्या फडक्यानें पुसले म्हणजे त्यांची पकड परत येते.

तिसरा खर्च हादरे शोषणाऱ्या दांड्यांचा. स्वस्त गाडींतील दांडे नुसत्या घर्षणानें काम करतात. घर्षणाचा विरोध हळू हालचालीस आणि जोरदार धक्क्यास सारखाच असतो. त्यामुळें बारीक खडबडीवर चाक थरथरतें आणि मोठ्या खांचेवर उसळतें. तेलाच्या दांड्यांत धक्का जितका वेगाचा तितका विरोध अधिक होतो. तेल सिलिकोनचें वापरतात, कारण उष्णतेनें तें खनिज तेलाइतकें पातळ होत नाहीं. नवी मोटर ही या सर्वांनंतरची गोष्ट, आणि ती घेण्यापूर्वीं वेगनियामकाच्या पुस्तिकेंत किती वेढ्यांपर्यंतची मोटर चालेल तें पाहावें. वेढे जितके कमी, तितकी ती अधिक वीज ओढते.

राहिली बॅटरी. येथें खेळ संपतो व जबाबदारी सुरू होते. निकेल जातीची सहा सेलांची ७.२ व्होल्टची बॅटरी जड असते, परंतु पुष्कळ सोशिक असते. ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या अशा बॅटरीतून सरासरी १५ अँपिअर ओढले तर खेळ १२ मिनिटें चालतो. लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी हलकी व जोरकस असते, पण तिला चूक सहन होत नाहीं. तिच्या प्रत्येक सेलाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर चढूं देतां कामा नये आणि सुमारें ३ व्होल्टच्या खालीं उतरूं देतां कामा नये. वर चढला तर आगीचा धोका, खालीं उतरला तर सेल कायमचा बिघडतो. तिच्यासाठीं दोन्हीं सेल समतोल ठेवणारा खास चार्जरच हवा. ज्या वेगनियामकांत लिथियमसाठीं दाब तोडण्याची योजना नाहीं, त्यास ही बॅटरी जोडूंच नये.

लिथियमचे सेल ४५ अंशांहून अधिक तापमानांत चार्ज करूं नयेत, असा सर्वसाधारण दंडक आहे. वैशाखांतल्या दुपारीं यवतमाळच्या पत्र्याच्या खोलींतील हवाच तेथवर पोंचते. बॅटरी तर खेळून आलेली, अधिकच तापलेली. म्हणून उन्हाळ्यांत हें काम सकाळीं करावें. याहून मोठी गोष्ट जागेची. या जिल्ह्यांत भाव चढण्याची वाट पाहत वेचलेला कापूस घराच्या खोल्यांत छतापर्यंत भरून ठेवलेला असतो. शहरांतील मुलगा सुटींत आजोळीं जातो, गाडी बरोबर नेतो, आणि रिकामा विजेचा खटका पाहून बॅटरी तेथेंच लावून अंगणांत निघून जातो. सेल बिघडला तर त्यांतून ज्वाला व ठिणग्या क्षणार्धांत बाहेर पडतात, आणि त्या खोलींत त्या कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न असतें. कापसाच्या घरांत लिथियम बॅटरी चार्ज करूंच नये. करावयाची तर उघड्या ओट्यावर, मातीच्या कुंडींत ठेवून, मोठें माणूस जवळ बसलेलें असतां करावी. मुलाच्या हातीं पहिलीं दोन वर्षें निकेलचीच बॅटरी असावी, हा सल्ला कांहींसा जुनाट वाटेल. पण तो द्यावाच लागतो. फुगलेली बॅटरी, तिनें काम दिलें तरी, पुनः वापरूं नये. टोंचूं नये, दाबूं नये, कचऱ्याच्या टोपलींतहि टाकूं नये. ती घराबाहेर वाळूंत ठेवावी आणि विजेच्या टाकाऊ वस्तु घेणाऱ्याकडे पोंचती करावी.

कवचाविषयीं थोडेंच सांगणें पुरे. तें पारदर्शक पॉलिकार्बोनेटचें असतें व रंग आंतल्या बाजूनें दिलेला असतो, म्हणून ओरखडे रंगापर्यंत पोंचत नाहींत. पेट्रोल किंवा थिनर लावल्यास तें ठिसूळ होऊन तडकतें. साबणाचें पाणी पुरतें. तडा गेलाच तर त्याच्या टोंकाशीं एक बारीक भोंक पाडावें, म्हणजे तो पुढें सरकत नाहीं, आणि आंतून धाग्याची चिकटपट्टी लावावी.

मृग लागला कीं काळ्या चिखलांत या गाडीचें काम उरत नाहीं. तिला ठेवतांना चाकें अधांतरीं राहतील असा ठोकळा पोटाखालीं द्यावा, नाहीं तर मऊ टायर एका बाजूस चपटे होतात. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली वा रिकामी न ठेवतां दर सेलास ३.८ व्होल्ट इतक्यावर आणावी, गाडींतून काढावी आणि कोरड्या जागीं निराळी ठेवावी. पोळ्याच्या सुमारास, नंदी माळ्यावरून खालीं येतो त्या वेळीं, एकदां दाब मोजावा. दोन सेलांत फरक पडलेला दिसला, तर समतोल करून घेतल्यावांचून ती गाडीस जोडूं नये.